दाराजवळचा तुकडा

"मावशी, एवढी वडी घासून द्या. चार वाजता गाडी येणार आहे," असं म्हणून श्रीनाथने माझ्या टेबलावर पेढ्याएवढी काळी वडी ठेवली. वडी अजून कोमट होती. म्हणजे सकाळी माझ्या आधी येऊन त्याने स्वतःच ती यंत्रात दाबून तयार केली होती. एरवी हा आमचा इंजिनिअर दहाच्या आत कधी येत नाही.

"कालची वडी कुठाय?" मी विचारलं.

"ती राहू द्या."

"राहू कशी द्यावी? कालच्या वडीवर लॉटचा नंबर हाय. ह्या वडीवर बी तोच नंबर कसा?"

"त्याच लॉटमधला तुकडा आहे, मावशी."

"लॉटमधला कुठला? भट्टीच्या मागच्या रांगेतला का दाराजवळचा?"

श्रीनाथ खाली बघायला लागला. त्याला खोटं बोलता येत नाही, एवढा एक गुण त्याच्यात आहे.

"मग ही म्या घासत न्हाय," मी म्हणाले आणि वडी त्याच्याकडे सरकवली.

एकोणीस वर्षांत मी कुठल्या कामाला नाही म्हणाले नव्हते. तामलवाडीच्या अलीकडे, सोलापूर रस्त्याला लागून आमची शेड आहे. मोडलेलं हाड जोडायला डॉक्टर स्क्रूने धातूची पट्टी बसवतात ना, त्या टायटेनियमच्या पट्ट्या इथे बनतात. पट्टी ठोकून, कापून आकाराला आली की भट्टीत नऊशे चाळीस अंशांवर तापवायची आणि गार करायची. मग लॉटमधली एक पट्टी कापून तिचा तुकडा माझ्याकडे येतो. मी तो बॅकेलाइट नावाच्या कडक काळ्या प्लास्टिकच्या वडीत बसवते, जाड्यापासून बारीकपर्यंत सहा पॉलिश पेपरवर घासते, मखमलीवर त्याचा आरसा करते, ॲसिडमध्ये बुडवते आणि मायक्रोस्कोपखाली ठेवते. बघायचं आणि सही करायची ती इंजिनिअरने. माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर 'महिला हेल्पर' असं छापलेलं असतं.

घासून घासून माझ्या बोटांच्या रेघा गेल्या. हजेरीच्या मशीनला माझा अंगठा ओळखू येत नाही. रेशन दुकानातल्या मशीनलाही येत नाही. रोज सकाळी सगळे अंगठा लावून आत जातात आणि मी एकटी वहीत सही करून जाते. पण ह्याच बोटांना तुकडा पेपरवर लागतोय की नुसता सरकतोय ते कळतं. टायटेनियम हा मोठा चिकट आणि खोडकर धातू आहे. नव्या माणसाने घासला तर ओरखडे जायच्या ऐवजी वाढतात.

आत काय बघायचं ते मला सोनाली मॅडमनी शिकवलं. श्रीनाथच्या आधी त्या इंजिनिअर होत्या. जेवणाच्या सुट्टीत आम्ही कॅरम खेळायचो. एकदा भट्टीवरचे बब्रुवानदादा डाव मांडत होते, तेव्हा मॅडमनी त्यांना मधेच थांबवलं. मधे राणी आणि तिला चिकटून सहा सोंगट्या. "गार टायटेनियममध्ये अणू असे बसतात," त्या म्हणाल्या, "थरावर थर. आणि फार तापवलं की हीच मंडळी जागा बदलतात. खोक्याच्या आठ कोपऱ्यांना आठ आणि पोटात एक." धातू वितळत नाही, पट्टी आहे तशी दिसते, आत मात्र सगळी मांडणी बदललेली असते. आमच्या मिश्रधातूत नऊशे चाळीसला थोडी मंडळी खोक्यात जातात आणि थोडी कॅरमवरच राहतात. असं मिसळलेलं राहिलं तर गार झाल्यावर मायक्रोस्कोपमध्ये बारीक दाणे दिसतात, ताटात ज्वारीच्या कण्या पसराव्यात तसे. ती पट्टी चिवट. नऊशे नव्वदच्या पुढे गेलं की झाडून सगळे खोक्यात जातात, दाणे फुगून मोठे होतात, आणि गार होताना त्या मोठ्या दाण्यांच्या पोटात सुया पडतात, कडेने पांढरी रेघ येते. वरून ही पट्टीही तितकीच चकचकीत असते. पण पेशंट रोज चालू लागला की त्या येरझाऱ्यांनीच तिला तडा जाऊ शकतो. पुन्हा भट्टीत घालून ती दुरुस्तही होत नाही. ठोकून ठोकून दाणे फोडावे लागतात, आणि तयार पट्टी ठोकली तर ती पट्टीच राहत नाही.

काल मला सुया दिसल्या.

त्या दिसल्या त्या कुणाच्या हुशारीने नाही. भट्टी उघडली की बब्रुवानदादा दाराजवळची पट्टी चिमट्याने आधी काढून बाजूला ठेवतात. ती लवकर गार होते, मी लवकर घासायला घेते आणि मला पाचची एसटी मिळते. आमच्या गावाला पाचनंतर एसटी नाही. दादांनी माझ्यासाठी केलेली ही सोय, बघता बघता कारखान्याची पद्धत होऊन बसली. काल दादा भाचीच्या लग्नाला परंड्याला गेले होते. प्रेसवरच्या बिरदेवने भट्टी उघडली. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, म्हणून त्याने हाताला आली ती मागच्या रांगेतली पट्टी कापून दिली. मायक्रोस्कोपला डोळा लावला तर ज्वारीच्या कण्या कुठेच नाहीत. नुसत्या सुया.

आधी वाटलं, माझंच काही चुकलं. पुन्हा घासली, पुन्हा बघितली. मग शेडमध्ये जाऊन भट्टीच्या दारात वाकले. दाराची एक वीट निखळून खाली पडली होती. त्या फटीतून गार हवा आत जात होती. ताप मोजणारी तार दाराजवळच आहे. तिला वाटलं भट्टी गार पडली, म्हणून ती कॉइलला आणखी तापव, आणखी तापव म्हणत राहिली. दाराजवळ बरोबर नऊशे चाळीस, आणि मागे किती ते कुणालाच ठाऊक नाही. मी श्रीनाथला वडी दाखवली. त्याने बराच वेळ बघितलं, घाम पुसला आणि मालकांना फोन केला. आणि आज सकाळी ही दुसरी वडी.

शिवशंकरशेठ दहा मिनिटांत आले. माणूस वाईट नाही. माझी लेक प्रीती बारावी झाली तेव्हा त्यांनी अख्ख्या शेडला पेढे वाटले होते. पण आज त्यांच्या हातात गाडीची चावी तशीच होती आणि ते ती सारखी बोटावर फिरवत होते.

"काय हो केशरबाई, सकाळी सकाळी संप काय?"

"संप न्हाय, शेठ. ह्या एका वडीचं काम माझ्याच्यानं व्हनार न्हाय."

"अहो, एकोणीस वर्षं आपण दाराजवळचाच तुकडा बघतो का नाही? मग आजच काय बिघडलं? पद्धत म्हणजे पद्धत."

"ती पद्धत माझ्या येष्टीसाठी पडली, शेठ. धातूसाठी न्हाय."

"बरं बाई. वीट बसवून घेतो आणि सगळा लॉट परत भट्टीत घालतो. झालं समाधान?"

"सुया जात न्हाइत त्यानं. ह्यांनाच इचारा की."

शेठनी श्रीनाथकडे बघितलं. श्रीनाथने मान हलवली, इतकी हळू की नाही म्हणतोय का मान अवघडलीय तेच कळेना.

"तीनशे वीस पट्ट्या आहेत ओ त्या," शेठ म्हणाले. "पुढच्या रांगेतल्या तर चांगल्याच असतील. मागच्यातली एखादी गेली तर गेली."

"ती एखादी कुनाच्या मांडीत जाईल तेवढं सांगा. लगेच घासाया घेते."

शेठची चावी थांबली. "हेल्परनं हेल्परचं काम करावं," ते म्हणाले. "बघायला मी इंजिनिअर ठेवलाय."

"मग बघू द्या की त्यास्नी. आन् घासू बी द्या."

मी उठले, नळाखाली हात धुतले, पदराला पुसले आणि स्टुलावर येऊन बसले. हात मांडीवर. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम. आबारावांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, मजुरी दम्याने सुटली त्याला चार वर्षं झाली. घर माझ्याच पगारावर चालतं. पण हात मांडीवरून उचलावेत असं काही केल्या वाटेना. हेल्पर म्हणे! ह्या हेल्परने घासल्याशिवाय ह्यांच्या इंजिनिअरला काळं का पांढरं दिसत नाही, आणि मी गप्प बसून घासत राहावं?

श्रीनाथने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि स्वतः घासायला बसला. मी बघत होते. जोर लावत होता, पाणी कमी घेत होता, वडी तिरकी धरत होता. सांगायला जीभ वळवळत होती, पण मी ती दातांखाली धरली. दोन तासांत त्याचे तीन पेपर फाटले आणि तुकड्यावर बैलगाडीच्या चाकोऱ्या उठल्या. तरी बेटा थांबेना. मखमलीवर थोडा फिरवून तो ॲसिडच्या कपाटाकडे गेला.

मी सहज तिकडे बघितलं. त्याने काचेचा बीकर घेतला होता आणि हातात मोजे नव्हते. आमचं ॲसिड काच खातं, म्हणून ते प्लास्टिकच्याच भांड्यात ओतायचं. कातडीवर पडलं तर आधी दुखतही नाही, गुपचूप आत हाडापर्यंत जातं. मॅडम जाताना कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून गेल्या होत्या. ते अक्षर केव्हाच पुसून गेलं आणि आमच्यापैकी कुणी पुन्हा लिहिलं नाही.

"आरं हात काढ!" मी ओरडले. "बाटली ठिव खाली. ठिव म्हन्ते ना!"

तो दचकून जागीच थिजला. मी मोजे चढवले, बाटली त्याच्या हातातून काढून झाकण लावलं आणि त्याचं मनगट धरून त्याला नळाखाली ओढलं.

"पडलं का हातावर? खरं सांग."

"नाही, मावशी. नाही पडलं."

"तरी धर पान्याखाली." मी मनगट सोडलं नाही. माझ्या प्रीतीपेक्षा दोन वर्षांनी मोठा असेल. सहा महिन्यांपूर्वी ह्याचे आईवडील त्याला सोडायला शेडच्या दारापर्यंत आले होते.

"तुम्ही तर कामाला हात लावणार नव्हता," तो म्हणाला.

"काम कुठं केलं? तुझी बोटं वाचवली. त्याचा पगार मिळत न्हाय."

तो हसला नाही. नळ बंद करून ओला हात बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मावशी, ती वीट नेमकी कधी पडली?"

हा प्रश्न मी रात्रीपासून स्वतःला विचारत होते आणि उत्तर नको म्हणून दादांकडे गेले नव्हते. आता दोघेही गेलो. बब्रुवानदादा भट्टीपाशी उकिडवे बसून निखळलेली वीट हातात फिरवत होते. लग्नाचा फेटा अजून पिशवीतून बाहेर डोकावत होता.

"पडली ती परवा," दादा म्हणाले. "पर मागल्या लॉटापासूनच हालत व्हती. म्या म्हनलं, दिवाळी होऊ द्या, मग बसवू." त्यांनी वीट खाली ठेवली. "तुमच्या येष्टीपायी म्या दाराजवळचा तुकडा देत गेलो, बाई. न्हाय तर तवाच कळलं असतं."

"येष्टी माझी, चिमटा तुमचा. निम्मं निम्मं वाटून घेऊ," मी म्हणाले. पण माझं मलाच ते फार हलकं बोलणं वाटलं.

मागचा लॉट महिन्यापूर्वी गेला होता. दोनशे ऐंशी पट्ट्या. त्या दिवशीची वडी मला आठवत होती. कण्या इतक्या सुंदर पडल्या होत्या की मी श्रीनाथला कौतुकाने बोलावून दाखवल्या होत्या, आणि पाचच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होऊन घरी गेले होते. आता त्यातली एखादी पट्टी कुणाच्या तरी मांडीत असेल. तो माणूस भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत असेल आणि घरचे म्हणत असतील, बघा, चालायला लागला. मला भट्टीच्या दारातच रडू आलं. दादांनी मान फिरवली. मी पदराने डोळे पुसले आणि ठरवलं की आता नुसतं हात बांधून बसून भागणार नाही.

चारला गाडी आली. माल घेणाऱ्या कंपनीचे साहेब दरवेळी तेच असतात. शांत माणूस. रिपोर्ट बघायचा, पोहे खायचे, माल मोजून न्यायचा. शेठनी त्यांना माझ्याच खोलीत आणून बसवलं, कारण पंखा फक्त तिथेच आहे. टेबलावर तपासणीची वही उघडी होती. इंग्रजीत सगळं भरून तयार होतं, फक्त शेवटचा रकाना रिकामा होता.

"श्रीनाथ, सही," शेठ म्हणाले.

श्रीनाथ हलला नाही. मग त्याने पँटच्या खिशात हात घातला, कालची वडी बाहेर काढली आणि माझ्यासमोर ठेवली. दिवसभर ती खिशात घेऊन फिरत होता, हे काय कमी होतं?

शेठचा चेहरा लाल झाला. "केशरबाई, तुम्ही बाहेर जा."

"जाते. आधी साहेबांना एक दावते." मी वडी मायक्रोस्कोपखाली लावली आणि स्टूल सरकवलं. "साहेब, हितं बघा. हा मागच्या रांगेतला तुकडा हाय. आमी आजवर नुसता दाराजवळचा दावत आलो."

साहेबांनी चष्मा वर केला आणि डोळा लावला. मी वही ओढली. एकोणीस वर्षं ही वही मी पुसली, उचलली, कपाटात ठेवली. तिच्यात लिहिलं कधी नव्हतं. श्रीनाथच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि त्या इंग्रजीच्या खाली मराठीत लिहिलं: 'मागच्या रांगेचा तुकडा. सुया आहेत. लॉट नापास. भट्टीची वीट मागच्या लॉटपासून हलत होती, म्हणून मागचा लॉट परत मागवून तपासावा.' शेवटचा रकाना होता 'तपासणी करणार'. तिथे लिहिलं, केशर आबाराव सरवदे. अक्षर चांगलं आलं.

साहेबांनी डोळा काढला. "ही वडी कुणी घासली?"

"म्या."

"एक ओरखडा नाही," ते म्हणाले. मग त्यांनी वही वाचली, सावकाश, दोनदा. "लॉट नापास. मागच्या लॉटचं मी आत्ताच कळवतो, त्या पट्ट्या कुठे कुठे गेल्यात ते शोधायला लागेल." आणि शेठकडे वळून म्हणाले, "ह्या माझ्यासमोर तोडाव्या लागतील."

नापास पट्टी तशीच्या तशी बाहेर जाऊ नये म्हणून तिचे दोन तुकडे करायचे, असा नियम आहे. बिरदेवने कटिंग चाक सुरू केलं. टायटेनियमच्या ठिणग्या लोखंडासारख्या तांबड्या नसतात, पांढऱ्याशुभ्र असतात, डोळ्यांना खुपतात. एकेक पट्टी आत जात होती आणि दोन होऊन पत्र्याच्या डब्यात पडत होती. साहेब खुर्चीवर बसून मोजत होते. मी बाजूला पोत्यावर बसले. बसायची गरज नव्हती. पण पहिल्या ठिणगीपासून बसले होते, आता शेवटची बघूनच उठायचं, असं मनाने घेतलं.

पाचला रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर ओळखीचा आहे, तो शेडसमोर जरा हळू करतो. बिरदेवने चाक थांबवून माझ्याकडे बघितलं. मी हाताने त्याला चालू दे म्हणून खूण केली.

दीडशेव्या पट्टीच्या आसपास शेठ माझ्याजवळ येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "उद्यापासून येऊ नका, केशरबाई," ते म्हणाले. "हजेरीच्या मशीनमधून तुमचं नाव काढतो."

"काढा. त्या मशीननं मला कवा वळखलंच न्हाय."

ते ठिणग्या बघत उभे राहिले. मग दादांना हाक मारून म्हणाले, "ती वीट आजच्या आज बसवा." आणि निघून गेले. एकोणीस वर्षांच्या बदल्यात मला मिळाली ती एवढी एक वीट. मी ती घेतली.

तीनशे विसावी पट्टी तुटली तेव्हा दिवस मावळला होता. साहेबांनी उठून मला नमस्कार केला, मीही केला. खोलीत जाऊन मखमल धुऊन दोरीवर टाकली, पेपर नंबराने लावून ठेवले. ॲसिडच्या कपाटावर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं, काचेचं भांडं नको, मोजे घाला. श्रीनाथ दारात उभा होता. "मावशी," तो म्हणाला आणि थांबला. "केशरताई, ॲसिडमध्ये नेमकं किती सेकंद बुडवायची?"

"बारा मोज. सावकाश. आन् तुकडा मागच्या रांगेचा घे."

गेटवर जाता जाता मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. वहीत सकाळच्या सहीसमोर जायची वेळ लिहिली, सव्वासात, आणि सही केली. आत दादा बॅटरी तोंडात धरून भट्टीच्या दाराला माती लिंपत होते. तेवढ्यात आबारावांचा फोन आला.

"कुठं हायेस? येष्टी चुकली व्हय?"

"चुकली न्हाय. सोडली."

तिकडून त्यांच्या श्वासाची शिट्टी ऐकू आली. मग ते म्हणाले, "बरं. ये. म्या गावच्या फाट्यापर्यंत येतो बॅटरी घिऊन."

"तुमी कशाला? दम लागल."

"हळू येतो की. तू निघ."

मी फोन कमरेला खोवला आणि सोलापूर रस्ता ओलांडून पायीच गावाच्या वाटेला लागले. घर अकरा किलोमीटर होतं. बोटांना अजून मखमलीचा ओलावा होता.